‘चायना माल’ या शब्दाचा खोटेपणा

कोणत्याही समाजाच्या तोंडी रुळलेले तिरस्काराचे शब्द एकत्र करून पाहिले, तर त्या समाजास कशाचा तिटकारा आहे एवढेच त्यांतून कळते असे नाही. कोणत्या जबाबदारीतून त्यास अंग काढून घ्यावयाचे आहे, हेही त्यांत उघडपणे लिहिलेले असते. गेल्या पंचवीसेक वर्षांत मराठी बोलण्यात असा एक शब्द मुरला आहे, आणि तो आता बाजारापुरता न राहता सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात, शाळा-महाविद्यालयांच्या वर्गांत, किंबहुना वृत्तपत्रांच्या स्तंभांतही निःशंकपणे वावरू लागला आहे. तो शब्द म्हणजे ‘चायना माल’. या शब्दाची आज थोडी झडती घ्यावी असा आमचा विचार आहे.

प्रथम त्याचा अर्थ. छत्री दुसऱ्याच पावसात उलटी झाली, की ती चायना माल. दिवाळीत गॅलरीत टांगलेली दिव्यांची माळ तिसऱ्या रात्री विझली, की ती चायना माल. मुलाची खेळण्यातली मोटार वाढदिवसाचे पाहुणे घरी जाण्यापूर्वीच निकामी झाली, की तीही चायना माल. स्वस्तपणा, दिखाऊपणा आणि अल्पायुष्य या तीन गुणांचा संगम झाला की हा शब्द आपोआप उच्चारला जातो. चालला तर चंद्रापर्यंत, नाही तर संध्याकाळपर्यंत, अशा अर्थाची एक हिंदी म्हणही त्याच्या दिमतीस आहे. पुढे शब्दाची सीमा विस्तारली. नव्या रस्त्यास पहिल्या पावसात खड्डा पडला, तर कंत्राटदाराचे काम चायना माल. मार्गदर्शिका घोकून उत्तीर्ण झालेल्याची पदवी चायना माल. दोन महिन्यांत विटलेली मैत्रीही चायना माल. मग ती छत्री खरोखर भिवंडीच्या कारखान्यातून आलेली असो, की रस्ता अस्सल देशी डांबराचा असो, शब्दास त्याची पर्वा नाही.

हा शब्द ग्राम्य आहे म्हणून आमचा त्यास विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. बाजारी शब्दांविषयी आम्हांस सोवळेपणा नाही. भाषेत नवा जीव येतो तो बहुधा बाजारातून, गिरणीतून आणि रस्त्यावरूनच. पंडितांच्या समित्यांतून तो क्वचितच येतो. मराठीने इंग्रजीतून ‘टिनपाट’ हा शब्द उचलला आणि त्यास असा काही ठसका दिला की तो मूळचा कोठला हे विचारण्याची आता कोणास गरज वाटत नाही. ‘फडतूस’, ‘टुकार’, ‘भिकार’ हे शब्दही तसेच नेमके आणि जोरकस आहेत. त्यांत एक प्रामाणिकपणा आहे: टिनपाट वस्तू टिनपाट आहे एवढेच ते सांगतात, आणि ती तशी का आहे याविषयी कोणाच्याही माथी खोटा आळ घालीत नाहीत. ‘चायना माल’ या शब्दाविषयी आमची तक्रार नेमकी येथेच सुरू होते. तो असभ्य असता तर आम्ही सोडून दिला असता. तो खोटा आहे.

स्वस्ताई आणि कमअस्सलपणा यांची सांगड भाषेत कशी बसत जाते, याचे उदाहरण आमच्याच घरात आहे. संस्कृतातील ‘महार्घ’ आणि ‘समर्घ’ या जोडीपासून मराठीस ‘महाग’ आणि ‘सवंग’ हे दोन शब्द मिळाले. अर्घ म्हणजे मोल. जुन्या मराठीत ‘सवंग’ म्हणजे केवळ स्वस्त. धान्य सवंग झाले म्हणजे लोकांस सुखाचे दिवस आले. आज आपण ‘सवंग लोकप्रियता’, ‘सवंग विनोद’ असे म्हणतो, आणि धान्याच्या भावास तो शब्द लावला तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. जी गोष्ट गरिबाच्या आवाक्यात आली ती हीनच असली पाहिजे, हा मध्यमवर्गाचा जुना समज त्या शब्दाच्या अर्थांतरात गोठून राहिला आहे. ‘चालू’ या शब्दाची गतही अशीच झाली. चालू नाणे म्हणजे सर्वत्र स्वीकारले जाणारे नाणे. आज नळाच्या तोट्या विकणारा दुकानदार ‘हा चालू माल आहे’ असे म्हणतो तेव्हा तो आपणास सावध करीत असतो. तथापि या शब्दांनीही एक मर्यादा पाळली. त्यांनी मालास नावे ठेविली, एखाद्या देशास ठेविली नाहीत.

आता चीन या नावाविषयी. या नावाचा आपल्या भाषांत हलकेपणाशी संबंध नव्हता; होता तो उलट प्रकारचा. कौटिलीय अर्थशास्त्रात मौल्यवान वस्त्रांच्या प्रकरणी चीनपट्टाचा उल्लेख येतो. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्या अंकाच्या अखेरीस दुष्यंताचे मन मागे ओढ घेते, त्यास उपमा दिली आहे ती ध्वजावरील चीनांशुकाची. राजाच्या ध्वजास शोभेल असेच ते वस्त्र होते. चिनी मातीची बरणी हा कोकणापासून वऱ्हाडापर्यंत घरोघरच्या लोणच्याचा विश्वासू आधार होता, व आहे. पारशी घराण्यांतील स्त्रिया ज्या गारा साड्या वारसा म्हणून जपतात, त्यांवरील भरतकामाची परंपरा एकोणिसाव्या शतकातील चिनी व्यापारातून आली. दोन सहस्र वर्षांची ही साक्ष पंचवीस वर्षांच्या एका बाजारी शब्दाने पुसून टाकावी, हे भाषेच्या स्मरणशक्तीस शोभणारे नाही.

कोणी म्हणेल, जुन्या रेशमाच्या गोष्टी राहू द्या. आजचा चिनी माल टिकत नाही हा आमचा रोजचा अनुभव आहे, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. अनुभव खरा आहे असेच आम्ही धरून चालतो. त्यावरून काढलेले अनुमान मात्र चुकीचे आहे. चीनने १९७८ नंतर आपली अर्थव्यवस्था खुली करण्यास प्रारंभ केला. भारताने १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठविली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. तेव्हापासून हा ओघ वाढला. परंतु जगातील अत्यंत महागडे फोन कित्येक वर्षे त्याच चीनमध्ये जोडले गेले, आणि ते हातात मिरविणाऱ्या गृहस्थांनी त्यांस कधी चायना माल म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. एकाच देशातून उत्तमोत्तम आणि निकृष्ट अशा दोन्ही वस्तू येत असतील, तर निकृष्टपणाचे कारण देश हे असू शकत नाही, एवढे तर्कशास्त्र पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते.

मग कारण कोणते? ते व्यापाराच्या रीतीत आहे. घाऊक खरेदीदार, मग तो मुंबईचा असो की इंदूरचा, चीनमधील यीवूसारख्या प्रचंड बाजारपेठेत जातो, अथवा घरबसल्या नमुने मागवितो, आणि बहुधा प्रथम किंमत सांगतो. किंमत ठरली की तीवरून बाकीचे सर्व ठरते: तारेची जाडी, प्लास्टिकाचा दर्जा, डाग लावण्याच्या कथलाचे प्रमाण, तपासणी करावयाची की नाही. तांब्याची तार परवडत नसेल, तर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. तीही नको असेल तर आणखी बारीक आहे. कारखानदार मागणीप्रमाणे पुरवठा करितो. तो माल गोदीत उतरतो, लोहार चाळीसारख्या पेठांतून गावोगाव जातो, आणि आपण तो निम्म्या किमतीत मिळाला म्हणून आनंदाने पिशवीत घालतो. या साखळीत कमी किमतीचा आग्रह धरणारा आयातदार आपला आहे, तपासणीत डोळेझाक करणारा अंमलदार असलाच तर तोही आपला आहे, विकणारा आपला आहे आणि ग्राहक तर आपण स्वतःच आहो. इतके सगळे आपले लोक एका रांगेत उभे असता बोट मात्र पर्वतापलीकडच्या एका अज्ञात कामगाराकडे दाखवावयाचे, ही सोय या शब्दाने करून दिली आहे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आम्ही मुलांस शिकवितो. अंगण दुसऱ्याच्या देशात असले की ती विसरतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस कदाचित ठाऊक नसेल की अशाच एका शब्दाचे लक्ष्य एके काळी आपण स्वतः होतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांस होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. १८६५ पर्यंतच्या त्या दुष्काळात गिरण्या चालल्या त्या बव्हंशी हिंदुस्थानी कापसावर. तो कापूस गुजरात, खानदेश, वऱ्हाड अशा अनेक प्रांतांतला असे व मुंबई बंदरातून जाई; परंतु जुन्या व्यापारी सवयीने त्यास लँकेशायरात ‘सुरत’ असे म्हणत. या कापसाचा धागा आखूड. तेथील यंत्रे अमेरिकन कापसाच्या लांब धाग्यास बेतलेली. त्यामुळे सूत पुनःपुन्हा तुटे, विणकराचे काम रेंगाळे, आणि कामाच्या मापावर मजुरी मिळणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या हाती आठवड्याच्या शेवटी फारच थोडे पडे. त्यात कचरा आणि सरकीही पुष्कळ. देवा, आम्हांस कापूस दे, पण सुरत नको, अशी प्रार्थना एका सभेत झाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. होता होता ‘सुरत’ हा शब्द तेथील बोलीत कोणत्याही भेसळीच्या, कमअस्सल वस्तूचे नाव होऊन बसला.

विणकराचा संताप आम्हांस समजतो. त्याच्या पोटावर पाय आला होता. परंतु दोष कोणाचा होता? धागा आखूड असणे हा कापसाच्या जातीचा गुणधर्म होता, अप्रामाणिकपणा नव्हे. यंत्र दुसऱ्या जातीसाठी बनविले होते हा कापसाचा अपराध कसा? भेसळ मात्र खरी होती. मुंबई सरकारास १८६३ साली कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ती केवढी होती हे दिसते. पण ती करणारे बहुधा मधले दलाल आणि व्यापारी होते. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यास कापूस स्वच्छ वेचल्याबद्दल जास्त भाव मिळत नसे, मग त्याने तो का वेचावा? भाव गगनास भिडले होते, जे मिळेल ते लिव्हरपूलचा व्यापारी उचलीत होता, आणि मुंबईत पैशाचा असा पूर आला होता की १८६५ साली तो ओसरताच बँका आणि कंपन्या पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे कोसळल्या. या साऱ्या गुंतागुंतीतून लँकेशायरच्या बोलीत उरले काय, तर एका शहराचे नाव, शिवी म्हणून. जे शहर शतकानुशतके उत्तम वस्त्रांबद्दल जगात नावाजले गेले होते, त्याचेच. हे वाचून ज्यास वाईट वाटेल, त्याने ‘चायना माल’ म्हणताना क्षणभर थांबावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

असे भोगणारे आपण एकटेच नव्हतो. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनास जर्मनीचे प्रतिनिधी म्हणून गेलेले यंत्रशास्त्रज्ञ फ्रान्झ र्‍यूलो यांनी आपल्याच देशाच्या मालाविषयी ‘बिलिग उंड श्लेख्ट’, म्हणजे स्वस्त आणि वाईट, असा अभिप्राय कळविला, आणि जर्मनीत खळबळ उडाली. १८८७ साली इंग्लंडने कायदा केला की, इंग्रजी नाव वा चिन्ह धारण करणाऱ्या परदेशी मालावर तो कोठे बनला हे स्पष्ट छापावे. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे ग्राहकास सावध करण्यासाठी होती. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. जर्मनांनी आपला माल सुधारला, तीच अक्षरे उत्तमपणाची मोहोर ठरली, आणि १८९६ साली अर्नेस्ट विल्यम्स यांनी ‘मेड इन जर्मनी’ याच नावाचे पुस्तक लिहून आपल्या इंग्रज बांधवांस धोक्याची घंटा ऐकविली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, र्‍यूलो यांनी दोष दिला तो स्वतःच्या देशास, स्वतःच्या कारखानदारांस, तोही सुधारणेच्या हेतूने. शेजाऱ्याच्या मालास हसून कोणाचाही माल सुधारल्याचे उदाहरण इतिहासात नाही.

जपानचीही तीच कथा. १९३० च्या दशकात स्वस्त जपानी कापडाने हिंदुस्थानची बाजारपेठ इतकी व्यापली की १९३३ साली ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत चढविण्यात आली. त्या काळी ‘जपानी’ हे विशेषण क्षणभंगुर वस्तूस लावीत. १९५० साली एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची व्याख्याने जपानी अभियंत्यांनी व कारखानदारांनी मनःपूर्वक ऐकिली, १९५१ साली त्यांच्या नावे पारितोषिक सुरू केले, आणि दर्जाची तपासणी माल तयार झाल्यावर करण्याऐवजी तो तयार होत असतानाच पावलोपावली करावयाची ही शिस्त अंगी बाणविली. आज जपानी यंत्र म्हटले की ग्राहक जादा पैसे मोजतो. विशेषणाचा अर्थ एका आयुष्याच्या अवधीत नेमका उलटा झाला. देशाचे नाव हा दर्जाचा पुरावा असता, तर असे घडलेच नसते.

आता आमच्यावर येणारा सर्वांत तीव्र आक्षेप. १९६२ चे आक्रमण आणि १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय सैनिकांनी केलेले बलिदान यांचे स्मरण देऊन कोणी विचारील, अशा राष्ट्राच्या मालाची वकिली करण्यास तुम्हांस संकोच कसा वाटत नाही? आमचे उत्तर असे की, बहिष्कार ही वेगळी गोष्ट आहे आणि शिवी ही वेगळी. बहिष्कारास मोल द्यावे लागते. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी १८७२ साली स्वतः कातलेल्या सुताची खादी वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारासही ते त्याच वेषात गेले. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. मँचेस्टरचे कापड फाटके म्हणून ते जाळले गेले नाही. ते तलम, स्वस्त आणि टिकाऊ होते हे जाळणारे जाणून होते. चांगले आणि स्वस्त कापड सोडून जाडेभरडे आणि महाग पत्करावयाचे, यातच त्या व्रताचे तेज होते. आज आपण करितो ते याच्या अगदी उलट. विकत तर घ्यावयाचे, निम्मी किंमत वाचविल्याचे समाधान खिशात टाकावयाचे, आणि वस्तू मोडली की तिच्यावर देशभक्तीचा एक शेरा मारून मोकळे व्हावयाचे. यास बहिष्कार म्हणत नाहीत. ज्यास चिनी वस्तू नको असेल त्याने ती खुशाल घेऊ नये. त्याच्या निग्रहास आमचा नमस्कार आहे. ज्याने ती घेतली, त्याने दुकानदाराशी भांडावे; राष्ट्रभक्तीस मध्ये ओढू नये.

आणि इतिहासाचा हिशेबच मांडावयाचा असेल तर तो पुरता मांडावा. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या व्यापाराच्या नफ्याने या शहरातील कित्येक पेढ्या भरल्या आणि कित्येक धर्मादाय इमारती उभ्या राहिल्या. चिनी सरकारने ती अफू थांबवू पाहिली तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे करून तिची वाट मोकळी ठेविली. सत्ता इंग्रजांची होती हे खरे, पण अडत आणि जहाजे यांत आपल्या लोकांचाही हात होता. तो मालही स्वस्त नव्हता आणि टिकाऊपणाचा तर प्रश्नच नव्हता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय घरात चालतो; इतिहासापुढे चालत नाही.

हा सगळा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी या शब्दामुळे प्रत्यक्ष काय बिघडते ते पाहावे. वितळलेल्या चार्जरमुळे अंथरुणास आग लागते, खेळण्यावरचा शिशाचा रंग तान्ह्या मुलाच्या पोटात जातो. येथे दोष नावानिशी सांगणे हाच पहिला उपाय असतो. तार बारीक आहे, आवरण ज्वलनशील आहे, रंगात शिसे आहे, असे म्हटले की पुढचा प्रश्न उभा राहतो: हे कोणी विकले, कोणी तपासले? ‘चायना माल’ असे म्हटले की प्रश्नच संपतो. चार माणसे हसतात, आणि तीच वस्तू दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात दुसऱ्या कोणाच्या पिशवीत जाते. विकणारा तर हा शब्द ढालीसारखा वापरितो. वस्तू परत करावयास गेलेल्या ग्राहकास तो हसून सांगतो, ‘साहेब, चायना माल आहे, त्याला गॅरंटी कसली?’ आणि साहेब मुकाट्याने परत फिरतात. ज्या शब्दाने फसविला गेलेलाच गप्प होतो, तो शब्द फसविणाऱ्याचा मित्र आहे.

कायदा मात्र इतका हतबल नाही. १९४७ च्या जानेवारीत भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचीच उत्तराधिकारी असलेली भारतीय मानक ब्यूरो १९८७ पासून काम पाहत आहे. खेळण्यांसाठी २०२० साली आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून त्यांवर मानकचिन्ह असणे बंधनकारक झाले. या आदेशातील शहाणपण असे की त्याने देश विचारला नाही; कसोटी विचारली, आणि ती देशी व विदेशी दोहोंस सारखीच लागू केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूची जबाबदारी हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात आयात करणारा हाही विक्रेताच मानला आहे, आणि मूळ उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचत नसेल, तर विकणाऱ्यास जबाबदार धरता येते. म्हणजे ‘चायना माल आहे’ हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने उत्तरच नव्हे. कायद्याने जे दार उघडे ठेविले, ते आपण एका शब्दाने आतून लावून घेतो.

दोषाचा शोध देशाच्या नावापाशी थांबविला तर काय होते, याची कल्पना दोन उदाहरणांवरून यावी. २००८ साली चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन हे रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. सहा मुले दगावली व सुमारे तीन लाख आजारी पडली. २०२२ च्या ऑक्टोबरात गांबिया देशातील मुलांच्या मृत्यूंच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या खोकल्याच्या काही औषधांविषयी इशारा दिला. भारत सरकारने तो संबंध मान्य केला नाही. या दोन घटनांवरून कोणी सगळ्या चीनचे दूध आणि सगळ्या भारताची औषधे विषारी ठरविली, तर आपण दुसऱ्या वाक्यास तत्काळ हरकत घेऊ, आणि ती योग्यच होय. कोणत्या कारखान्याने, कोणत्या तपासणीवाचून, कोणत्या लोभाने हे केले असा प्रश्न विचारा, असे आपण म्हणू. तोच न्याय पहिल्या वाक्यासही लागू करण्याइतका मोठेपणा आपल्या ठायी असावा.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. वस्तूंवरून हा शब्द माणसांवर आला. ईशान्येकडील राज्यांतून शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस येणाऱ्या तरुण-तरुणींस रस्त्यात ‘चायना’, ‘चायना माल’ अशा हाका ऐकाव्या लागतात; २०२० च्या महामारीत तर या हाकांस ऊत आला. त्यांच्यावर देशाच्या इतर भागांत होणाऱ्या अन्यायाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारास २०१४ साली बेझबरुआ समिती नेमावी लागली होती. मणिपूरची विद्यार्थिनी ही आपल्याइतकीच या देशाची नागरिक आहे. माझगावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी वंशाची कुटुंबेही मुंबईकरच आहेत. त्यांच्यासारख्या कित्येकांस १९६२ नंतर राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले, ते केवळ चेहऱ्यामुळे आणि नावामुळे. चेहऱ्यावरून माणसाचा दर्जा ठरविणारा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आला, तर तो त्यांनी कोठे उचलला हे शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर, छत्री मोडली तेव्हा, आपल्याकडूनच ऐकिलेला असतो.

शेवटी एक गोष्ट गरिबाविषयी. ज्याच्या खिशात शंभरच रुपये आहेत तो शंभराचीच वस्तू घेणार. तीत त्याची निवड थोडी आणि नाइलाज फार. त्याच्या मुलाच्या दप्तरास किंवा बायकोच्या चपलेस आपण ‘चायना माल’ म्हणून हसतो, तेव्हा हसतो ते चीनला नव्हे. स्वस्त वस्तू चांगलीही असली पाहिजे, ही मागणी करणे हे सुशिक्षितांचे काम होते. ‘सवंग’ या शब्दास जुना मान परत मिळवून देण्यासारखे ते काम होते. त्याऐवजी आपण स्वस्त म्हणजे वाईट हे गृहीत धरिले आणि त्यास एका परक्या देशाचे नाव दिले.

पर्याय शोधण्यासाठी कोश उघडावयास नको. वस्तू हलकी असेल तर हलकी म्हणावे, बनावट असेल तर बनावट, भेसळीची असेल तर भेसळीची, टिनपाट असेल तर बेलाशक टिनपाट. मराठीची या बाबतीतली श्रीमंती कोणत्याही भाषेस हेवा वाटावा अशी आहे. मात्र असा नेमका शब्द उच्चारल्यावर पुढचे पाऊल टाकण्याचे बंधन आपल्यावर येते: पावती मागणे, मानकचिन्हाखालचा परवाना क्रमांक तपासणे, दुकानदारास जाब विचारणे, आणि वेळ पडल्यास ग्राहक आयोगापुढे उभे राहणे. ‘चायना माल’ हा शब्द आपणास प्रिय झाला आहे तो या श्रमांतून सुटका करितो म्हणून. ज्या दिवशी आमच्या वाचकांपैकी एकजण तरी मोडकी वस्तू घेऊन दुकानाची पायरी चढेल, आणि ‘चायना माल आहे, साहेब’ या उत्तरास ‘विकला तुम्ही आहे’ असे प्रत्युत्तर देऊन तेथेच उभा राहील, त्या दिवशी या शब्दाची सद्दी संपावयास प्रारंभ होईल.